दम धरा, आजी!

माझी धाकटी बहीण क्ष-किरण तंत्रज्ञाचे काम शिकत आहे. घरी तिला सगळे छोटी म्हणतात. दवाखान्यात एक्स-रे काढतो, तो क्ष-किरण तंत्रज्ञ. आपल्याकडे लोक त्याला ‘फोटोवाला’ म्हणतात. मीही तसेच म्हणत असे. २०२२ साली बारावीनंतर छोटीने या अभ्यासक्रमाचे नाव काढले, तेव्हा मी तिला विचारले होते, “फोटोच काढायचे, तर त्यासाठी चार वर्षे कशाला शिकायचे?”

तिला खरे तर डॉक्टर व्हायचे होते. नीट परीक्षेत गुण कमी पडले. आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. मग एके दिवशी तिनेच सगळी चौकशी करून आणली. बारावी विज्ञाननंतर तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पदवीचे नाव बी.पी.एम.टी. त्यात तिने रेडिओग्राफी हा विषय निवडला होता. त्यासाठी नाशिकला राहावे लागणार होते. आम्ही मालेगावचे. नाशिक आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे.

मी शिक्षिका आहे. बी.एड. झाल्यापासून उर्दू शाळेत मराठी शिकवते. शिक्षणाच्या बाबतीत घरात माझा शब्द चालतो. पण या वेळी माझ्या आधी खाला बोलल्या. “मुलीला किरणांच्या कामाला लावू नका. ते किरण माणसाला आतून जाळतात. उद्या हिच्याशी लग्न कोण करील?” हे ऐकून अम्मी घाबरली. मला खालांचे बोलणे पटले नाही, पण ते खोडून काढण्याइतके ज्ञान माझ्याजवळ नव्हते. मी गप्प राहिले.

निर्णय अब्बांनी घेतला. अब्बांनी तीस वर्षे यंत्रमागावर काम केले आहे. २०११ साली त्यांना खोकला सुरू झाला. आधी आम्हांला वाटले, कापसाच्या धुळीचा खोकला असेल. तो हटेना, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला. त्यात डाग दिसला, थुंकी तपासली आणि क्षयरोग निघाला. सहा महिने औषध घेऊन अब्बा पूर्ण बरे झाले. पण त्या सगळ्या दिवसांतली एकच गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगतात. एक्स-रेच्या खोलीत त्यांना खोकल्याची उबळ आली. बाहेर रांग होती. तरी त्या तंत्रज्ञाने त्यांना स्टुलावर बसवले, प्यायला पाणी दिले आणि म्हटले, “चाचा, घाई नाही. तुमचा खोकला थांबला की मग काढू.” अब्बा म्हणाले, “छोटीला ते काम शिकायचे असेल, तर शिकू दे.”

अशी ती नाशिकला गेली.

मुलांनो, या किरणांची गोष्ट तुम्ही विज्ञानात वाचली असेल. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाला ते सापडले. ते कसले किरण आहेत हे कळेना, म्हणून त्याने त्यांना ‘एक्स’ म्हटले. बीजगणितात न कळलेल्या संख्येला मराठीत आपण ‘क्ष’ म्हणतो, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. उर्दूच्या बीजगणितात त्याच जागी ‘ला’ येतो, म्हणून उर्दूत त्यांना लाशुआएँ म्हणतात. त्याच वर्षी डिसेंबरात राँटजेनने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे दिसतात आणि एका बोटातली अंगठीही दिसते. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

खालांची भीती मात्र अगदीच पोकळ नव्हती. सुरुवातीच्या काळात लोक हे किरण खेळण्यासारखे वापरत. अमेरिकेत एडिसनचा एक मदतनीस होता, क्लॅरेन्स डॅली. तो तासन्‌तास स्वतःचा हात किरणांसमोर धरून यंत्र तपासत असे. त्याचे हात भाजले, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. त्याचे हाल पाहून एडिसनने हे काम सोडून दिले. छोटीने पहिल्या सुटीत येऊन ही हकीकत खालांनाच सांगितली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते की, अगं, हे कशाला सांगतेस! पण ती थांबली नाही. पुढे तिने स्वतःच्या गळ्यातले, छातीवर लावायचे एक लहानसे पाकीट काढून दाखवले. त्याला टी.एल.डी. बॅज म्हणतात.

त्या बॅजमध्ये तीन लहान चकत्या असतात. अंगावर किती किरण पडले याची नोंद त्या चकत्यांत साठत जाते. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे चकत्या तापवल्या की त्यांतून प्रकाश निघतो, आणि तो प्रकाश मोजून किरणांची मात्रा काढतात. आपल्या देशात १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. या कामातल्या माणसाला किती मात्रा चालेल, याची मर्यादा ते मंडळ ठरवते. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माती, हवा आणि आकाश यांतून तर आपल्या सगळ्यांनाच थोडे किरणोत्सर्जन मिळत असते. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छोटीचा पहिला अहवाल आला, तेव्हा त्या तीन महिन्यांच्या रकान्यात शून्य होते. खालांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “शून्य म्हणजे नापास का?” त्यांनी विचारले. त्या दिवशी घरात कितीतरी दिवसांनी सगळे एकत्र हसले.

शून्य आपोआप येत नाही. किरण सुटताना आत थांबायचे नाही, शिशाच्या पडद्याआड जायचे. थांबावेच लागले तर शिशाचा एप्रन घालायचा, आणि दूर राहायचे. अंतर दुप्पट झाले की किरणांचा जोर निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. हे सूत्र मी स्वतः शाळेत पाठ केले होते. त्याचा उपयोग एखाद्या माणसाला दोन पावले मागे सरकवण्यासाठी होतो, हे मला छोटीकडून कळले.

तिचा अभ्यास पाहून माझे ‘फोटोवाला’ गळून पडले. शरीरातली २०६ हाडे. एकट्या मनगट आणि पंजात मिळून २७. प्रत्येक भागासाठी रोग्याला कसे उभे करायचे, कसे झोपवायचे, किरण कोणत्या बिंदूवर सोडायचे, किती दाबाची वीज, किती वेळ. छातीचाच एक्स-रे घ्या. रोगी छाती पुढे टेकून उभा राहतो आणि किरण पाठीमागून येतात. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते. ते पाटीजवळ आले की त्याची सावली उगीच मोठी पडत नाही. यंत्र १८० सेंटिमीटर मागे ठेवतात, तेही त्यासाठीच. हात कमरेवर उलटे ठेवून कोपरे पुढे ढकलायची, म्हणजे खांद्याची चपटी हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. उजव्या-डाव्या बाजूची खूण लावायची, आणि ती दोनदा पाहायची. हे सगळे झाल्यावर रोग्याने खोल श्वास घेऊन तो रोखला पाहिजे. श्वास पुरा असेल तर पडदा खाली जातो, फुप्फुसे फुलतात आणि पाठीमागच्या दहा बरगड्या मोजता येतात. श्वास अर्धवट असेल, तर फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला दिसतो. नसलेला आजार असल्यासारखा वाटतो.

आणि नेमके इथेच छोटीचे अडले.

छोटी आठवी ते दहावी माझ्याच वर्गात होती. दहावीला तिला मराठीत ८४ गुण मिळाले. मी ते सगळ्यांना सांगत फिरले होते. पण ते गुण कसे मिळाले होते, ते मला माहीत आहे. प्रश्नांची उत्तरे पाठ, निबंध पाठ, पत्रलेखनाचा नमुना पाठ. तिने कोणाशी मराठीत दहा वाक्ये बोलल्याचे मला आठवत नाही. आमच्या मोहल्ल्यात तशी वेळच येत नाही, असे मी म्हणत असे. नाशिकच्या रुग्णालयात ती रोज येऊ लागली.

एकदा एक शेतकरी आला. कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत पायाचा एक्स-रे लिहिला होता. छोटीने नाव विचारले, कुठे दुखते ते विचारले. तो म्हणाला, “पोटरी दुखते.” छोटीला वाटले, हा पोट दुखते म्हणतो आहे. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरेच! चुकीचा रोगी आत आला असे समजून तिने त्याला बाहेर बसवले. तो बिचारा अर्धा तास बसून राहिला. शेवटी त्याने धोतर वर करून पोटरी दाखवली, तेव्हा उलगडा झाला. हे तिने मला हसत सांगितले. मीही हसले.

दुसरी गोष्ट तिने हसत सांगितली नाही.

सिन्नरकडच्या एक आजी छातीच्या एक्स-रेसाठी आल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, ऐकायला थोडे कमी. छोटीने त्यांना नीट उभे केले. पुस्तकात वाचलेले वाक्य म्हटले, “श्वास रोखा.” आजींनी मान वळवून विचारले, “काय म्हणते?” छोटी गोंधळली. मग तिने मनात हिशेब केला. उर्दूत दम म्हणजे श्वास. मराठीतही जिना चढल्यावर ‘दम लागला’ म्हणतात. म्हणजे शब्द दोन्हीकडे एकच आहे! ती मोठ्याने म्हणाली, “दम धरा, आजी!”

आजी म्हणाल्या, “धरलाय की बाई! सकाळी सातपासून दमच धरून बसले आहे.”

आणि त्या बोलत असतानाच छोटीने बटण दाबले.

मराठीत ‘दम धरा’ म्हणजे धीर धरा, वाट पाहा. हे तुम्हांला ठाऊक असेल किंवा आज कळले असेल. छोटीला ठाऊक नव्हते. चित्र हललेले आले. दुसऱ्यांदा काढावे लागले. आता बहुतेक ठिकाणी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याची पद्धत राहिलेली नाही, चित्र लगेच पडद्यावर दिसते. खराब झाले तर पुसून टाकायचे आणि पुन्हा काढायचे. कोणाला कळतही नाही. पण त्यांच्या वरिष्ठ तंत्रज्ञ मॅडम मागे उभ्या होत्या. आजी गेल्यावर त्या म्हणाल्या, “पडद्यावरचे चित्र पुसता येते. आजींच्या अंगातून गेलेले किरण पुसता येतात का?”

छातीच्या एका एक्स-रेची मात्रा फार थोडी असते. तेवढ्याने आजींना काही होणार नाही, हे मॅडमनाही माहीत होते आणि छोटीलाही. तरी त्या रात्री तिचा फोन आला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आपा, मी घरी येते. मला हे जमणार नाही. मला सगळी हाडे येतात, सगळी सूत्रे येतात. एका म्हाताऱ्या बाईला श्वास घे म्हणायला येत नाही.”

मी तिला समजावले, चार धीराच्या गोष्टी सांगितल्या. फोन ठेवल्यावर मात्र मला झोप आली नाही. तिची मराठीची शिक्षिका मीच ना! ८४ गुणांचा पेढा मीच वाटला होता. तिला पोटरी आणि पोट यांतला फरक मी कधी सांगितला नव्हता. माझ्या वर्गातल्या पन्नास मुलामुलींपैकी आणखी किती जणांना तो माहीत असेल, याचा विचार करत मी पहाटेच्या अजानपर्यंत जागी होते.

त्या शनिवारी मी एस.टी.ने नाशिकला गेले. आम्ही दोघी वसतिगृहाच्या पायरीवर वही घेऊन बसलो. डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या भागांची बोलीतली नावे लिहिली. मनगट, कोपर, बरगड्या, माकडहाड, मांडी, गुडघ्याची वाटी, पोटरी, घोटा, टाच. पुस्तकातले शब्द मला येत होते, पण खेड्यातला माणूस दुखणे कसे सांगतो हे मलाही कुठे येत होते? ‘उसण भरली’, ‘चमक निघते’, ‘पाय मुरगळला’, ‘बोटांना मुंग्या येतात’. हे शब्द आम्ही वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंना विचारून लिहिले. त्यांना फार मजा वाटली. दोन मास्तरणी आपल्याला मराठी विचारतात, असे त्या सगळ्यांना सांगत होत्या. छोटी मास्तरीण नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

श्वासाचे कोडे मात्र आम्हांला सुटले नाही. ते रुग्णालयातल्या वॉर्डच्या मावशींनी सोडवले. सोमवारी छोटीने त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय एवढं? नदीत बुडी मारताना श्वास कोंडतो ना, तसा कोंडा म्हणायचं.” तेव्हापासून छोटी तेच म्हणते. आणि नुसते म्हणत नाही. आधी रोग्यासमोर उभी राहून स्वतः छाती भरून श्वास घेते, गाल फुगवते, थांबते, मग सोडते. एकदा रोग्याकडून करून घेते. मग पडद्याआड जाऊन बटण दाबते. यात रोग्यामागे अर्धे मिनिट जास्त जाते. बाहेर रांगेतले लोक कुरकुरतात. त्यांनाच ती आता म्हणते, “जरा दम धरा!”

या खोलीत नुसती भाषा पुरत नाही, हेही तिला हळूहळू कळले. छातीच्या एक्स-रेआधी अंगावरचे धातू काढावे लागतात, नाहीतर त्यांची सावली पडते. एका बाईने मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. छोटीने वाद घातला नाही. ते वर ओढून हनुवटीखाली, चित्राच्या बाहेर धरायला सांगितले. दुसऱ्या दिवशी आपल्याच समाजातले एक चाचा आले. त्यांच्या गळ्यात तांब्याच्या डबीतला तावीज. तेही काढेनात. छोटी म्हणते, “मला काल मंगळसूत्राने शिकवले होते, म्हणून आज तावीज सोपा गेला.” बुरख्यातल्या बायका तर दारातून आत डोकावतात आणि आत मुलगी आहे हे पाहून त्यांचा चेहरा मोकळा होतो. खालांना हे सांगितल्यापासून त्यांनी लग्नाचा विषय काढलेला नाही. उलट परवा त्या शेजारच्या बाईंना बॅजची माहिती देत होत्या, आणि ती बरीचशी बरोबर होती.

एक प्रश्न छोटीला फार जड जात असे. एक्स-रेआधी प्रत्येक तरुण विवाहित बाईला विचारावे लागते, की तुम्ही गरोदर तर नाही ना? पोटातल्या बाळाला किरणांपासून जपायचे असते. दारावर तशी पाटी असते, पण पाटी सगळ्यांना वाचता येत नाही. एक नवी सून सासूबरोबर आली होती. कमरेचा एक्स-रे होता. छोटीने सासूसमोरच विचारले. सून खाली पाहून “नाही” म्हणाली. छोटीला तिचा चेहरा बरा वाटला नाही. तिने सासूला बाहेर बाकावर बसवले, दार लावले आणि पुन्हा हळूच विचारले. तेव्हा सून म्हणाली, “दिवस गेलेत असं वाटतंय. घरी अजून सांगितलं नाही.” छोटीने यंत्राला हात न लावता तिला डॉक्टरांकडे परत पाठवले. तो एक्स-रे पुढे झालाच नाही. मला छोटीने केलेल्या सगळ्या कामांत हे न केलेले काम जास्त आवडते.

सध्या तिची इंटर्नशिप चालू आहे. ती संपली की नोकरीसाठी अर्ज करायचे. सुरुवातीला रात्रपाळी मिळेल, असे ती म्हणते. अम्मीला तेवढीच एक नवी काळजी लागली आहे. मी माझ्या वर्गात आता दर शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक मिटून ठेवते. एक जण दवाखान्यातला डॉक्टर होतो, एक जण दुखणे सांगतो. कधी बसचा कंडक्टर, कधी बाजारातली भाजीवाली. सुरुवातीला मुले लाजत. आता इतका गोंधळ होतो की शेजारच्या वर्गाचे सर येऊन दार लोटून जातात.

सुटीला घरी आली की छोटी आम्हां सगळ्यांवर सराव करते. परवा तिने अब्बांना कपाटाशी छाती टेकून उभे केले. हनुवटी वर, हात कमरेवर उलटे, कोपरे पुढे. “अब्बा, मोठा श्वास घ्या. नदीत बुडी मारल्यासारखा कोंडा.” अब्बांनी श्वास कोंडला. तेवढ्यात अम्मीने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि छोटी दुधाचे भांडे उतरवायला आत गेली. मी वह्या तपासत बसले होते. थोड्या वेळाने कपाटाकडून अगदी बारीक आवाज आला, “छोटी, आता सोडू का?”